लिंबाजीचा प्रकाशक कोण

माझ्या बापाचं नाव टाकलं की कॉम्प्युटर टुंई करायचा.

पंडितने तीनदा टाकून पाहिलं. आडनाव हनवते. नाव लिंबाजी. शीर्षकाच्या रकान्यात 'गावशीव', वर्षाच्या रकान्यात एक्क्याण्णव. प्रकाशकाचा रकाना मोकळा सोडून त्याने एन्टर मारलं. टुंई. पडद्यावर ओळ आली, माहिती अपुरी आहे, नोंद घेता येत नाही.

"ताई, प्रकाशक मागायलंय हे."

"माझ्या बापाचा प्रकाशक कोण असणार? माझी आजी. टाक तिचं नाव."

पंडित हसला. मी विनोद केला नव्हता. माझं डोकं सणकलं होतं.

त्र्याण्णवचा मे महिना होता. परभणीत स्टेशन रोडला एका लॉजच्या खाली पंडितचं कॉम्प्युटर सेंटर, दोन मशीन, एक प्रिंटर आणि कोपऱ्यात माठ. मी मनकर्णा हनवते, शाळेत भूगोल शिकवते आणि सहा वर्षं पीएच.डी.च्या मागे लागलेली. विषय पालमकडच्या जुन्या गावशिवा. कुठलं गाव कुठे संपतं, निजामाच्या नकाशात काय होतं आणि आज जमिनीवर काय आहे. एकतीस ऑगस्टला माझी मुदत संपत होती, आणि मुदतवाढ मी एकदा खाऊन बसले होते. त्याआधी प्रबंध छापून, बाइंडिंग करून, गाइडच्या सहीनिशी औरंगाबादला विद्यापीठात पोचला नाही तर सहा वर्षं पाण्यात.

आता माझा बाप या प्रबंधात का आला ते सांगते. नाहीतर कुणी म्हणायचं, पोरीने लाडाने घुसवला.

दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं की निकाल महाराने द्यायचा, असा आमच्याकडे दस्तूर होता. एरवी ज्याची सावली चालत नव्हती त्याचा पाय शिवेला चालायचा. शिवेवरची माती ओल्या फडक्यात बांधून डोक्यावर घ्यायची, अनवाणी चालू लागायचं, मागून दोन्ही गावं. तो जिथून जाईल ती शीव. चालताना त्याने एक शब्द बोलायचा नाही. बोलला की सगळं रद्द, पुन्हा पहिल्या धोंड्यापासून. माझ्या पणजोबाने अशी शीव चालून दाखवली होती आणि दोन्ही गावच्या पंचांनी शिक्के मारून त्याचा महजर करून दिला होता. तो कागद आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत असायचा. मी लहानपणी पाहिलाय. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा डोंगरपिंपळ्यात आमची सोळा घरं जाळली. पेटी गेली, महजर गेला. आम्ही नेसत्या कपड्यांवर चुडाव्याला मामाकडे आलो ते तिथलेच झालो.

छप्पन साली बाने देव सोडले, पण शिवेची माती काही सोडली नाही. एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत माझ्यासाठी तो डोंगरपिंपळ्याची सगळी शीव चालला. साडेनऊ मैल, दोन दिवस, डोक्यावर फडकं, आणि मी मागून वही आणि सर्व्हेचा नकाशा घेऊन पावलं मोजत. सत्तरी ओलांडलेला माणूस. बाभळीचा काटा टाचेत मोडला तरी हूं नाही की चूं नाही. संध्याकाळी माती खाली ठेवल्यावर पाणी मागितलं, एवढंच. माझ्या प्रबंधात त्रेचाळीस ठिकाणी लिहिलंय की इथे शीव अशी वळते. त्या त्रेचाळीस ठिकाणांना आधार एकच, लिंबाजी हनवते. आणि हा डबा म्हणतो, माहिती अपुरी.

"दुसरा रस्ता हाय ताई," पंडित म्हणाला. पंडित मूळचा देवगाव फाट्याचा, वयाने माझ्याहून लहान, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत त्याचं डोकं भारी चालायचं. त्याने टेबलाच्या खणातून फ्लॉप्यांची चळत काढली. "मावसभावानं हैदराबादहून आणल्यात. प्रबंध ज्याच्यात छापतात त्याला म्हणतात लाटेक, आणि संदर्भाच्या यादीला त्याच्या जोडीला बिबटेक. यात पुस्तकाची नोंद वेगळी, लेखाची वेगळी, प्रबंधाची वेगळी. आणि ज्याला कुठंच जागा न्हाई त्याला 'इतर' म्हणून एक जात हाय. त्यात काहीच सक्तीचं न्हाई. जे लिहिताल ते छापतंय. पुस्तकात बी प्रकाशक न्हाई टाकला तर नुसतं कुरकुर करतंय, पण नाव गाळत न्हाई."

"आणि आता चालवतोयस तो हा पुण्याचा प्रोग्राम?"

"ह्यो गाळतोय. यादीत न्हाई आलं तर आत त्रेचाळीस ठिकाणी नुसता रिकामा कंस राहील. कुणी म्हणलं हे कुठून आणलं, तर कंसात काय? हवा."

मला तिथल्या तिथे हैदराबादच्या फ्लॉप्या घ्यायच्या होत्या. पण पुण्याचा प्रोग्राम पंडितने निवडला नव्हता. तो माझ्या गाइडने निवडला होता. त्यांच्या कॉलेजच्या खात्याने तो आणवला होता आणि सरांचा हुकूम होता की त्यांच्या विद्यार्थ्यांची यादी त्यातूनच निघाली पाहिजे. दोनशे बारा नोंदी पंडितने टाकून झाल्या होत्या. हनवते ही दोनशे तेरावी.

"बदलायचं तर सगळं पुन्हा टाइप," पंडित म्हणाला. "आणि लाटेकमधी प्रबंध बी नव्यानं बसवावा लागंल. पण फायदा बी हाय. विद्यापीठाचं नाव एकाच जागी लिहायचं. उद्या बदललं तर एका जागी बदला, सगळीकडं बदलतं."

"उद्या बदलेल तेव्हा बदलेल. आधी सरांकडे जाऊन येते," मी म्हणाले.

आबासाहेब सर डोंगरपिंपळ्याचेच. गावची निम्मी काळी जमीन त्यांच्या घराण्याची. जिल्ह्यात या विषयाचा दुसरा गाइड नाही, म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते, आणि त्यांनी आनंदाने घेतलं होतं. बोलायला गोड माणूस. आवाज चढवायचा नाही, समोरच्याला खुर्ची द्यायची, आणि मग हवं तेच करून घ्यायचं.

मी यादी पुढे ठेवली आणि अडचण सांगितली. सरांनी चष्मा काढून पुसला.

"मनकर्णा, तुझ्या भल्यासाठी सांगतो. संशोधनात तोंडी गोष्टी टिकत नाहीत. त्या त्रेचाळीस ठिकाणी माझा चौऱ्याऐंशीचा लेख टाक. छापील आहे, प्रकाशक आहे, वर्ष आहे. तुझा प्रोग्राम आवाज करणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या लेखाची गोष्ट मला पाठ होती. त्र्याऐंशी साली सर जीप घेऊन चुडाव्याला आले, बाला घेऊन गेले, शिवेचा उत्तरेकडचा भाग चालवून घेतला, आणि वर्षाने लेख छापला. लेखात लिहिलं, लेखकाच्या क्षेत्रपाहणीवरून. बाचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. तळटीपेत 'एका स्थानिक वृद्धाच्या मदतीने', बस. आणि पीएच.डी.ला नाव नोंदवायला गेले तेव्हा मी तो लेख वाचलेला होता आणि गप्प बसले होते. त्याचा राग सरांवर कमी आणि माझ्यावर जास्त आहे.

"सर, तुमच्या लेखाला आधार काय?"

"क्षेत्रपाहणी."

"चाललं कोण?"

"हे बघ, असं भावनेच्या भरात शास्त्र होत नाही. एवढं वाटत असेल तर कागद आण. सनद, महजर, काहीही. मी आनंदाने घेईन."

"कागद तुमच्या गावाने जाळला सर."

शेजारच्या टेबलावर पेपर तपासत बसलेल्या दोघा प्राध्यापकांची लाल पेनं थांबली. सरांचा चेहरा हलला नाही.

"त्या दिवशी मी परभणीत होतो," ते म्हणाले.

"हो सर. तुम्ही परभणीत होता."

त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. पुण्याच्या प्रोग्रामने जी यादी दिली तीच आण, सही करतो, दुसऱ्या कशातली नको. माणूस एकाला घेतो एकाला गाळतो, यंत्र पक्षपात करत नाही. असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. मी तो प्यालेही. सही त्यांच्या हातात होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी चुडाव्याला घरी होते. शाळा उघडायला वेळ होता. दुपारच्या पॅसेंजरने माणसं उतरून गेली आणि थोड्या वेळाने आमच्या दारात जीप थांबली. आबासाहेब सर उतरले. मला वाटलं माझ्यासाठी आले. ते बाला भेटायला आले होते.

त्यांचं शिवेलगतचं शेत. पलीकडे उमरटाकळीची शीव आणि तिथे आश्रुबा नावाच्या शेतकऱ्याची पाच एकर जमीन. मधला शिवेचा धोंडा नालाबंडिंगच्या कामात मशीनने उपटला होता. तेव्हापासून आश्रुबा म्हणायचा शीव ओढ्याच्या अलीकडे, सरांच्या बाजूला आहे, सर म्हणायचे पलीकडे आहे. मधली दोन एकर काळी. मोजणी दोनदा झाली, दोनदा वेगळी निघाली. प्रकरण गंगाखेडला तहसीलदारापुढे होतं आणि पेरणीआधी स्थळपाहणी ठरली होती.

"लिंबाजीबाबा, तुमच्याशिवाय हे कुणाला माहीत नाही," सर म्हणाले. "तुम्ही यावं. दोन्ही गावं तुमचा शब्द मानतील. आश्रुबासुद्धा तयार आहे."

जन्मभर 'लिंब्या' म्हणणाऱ्या घरातला माणूस आमच्या ओट्यावर बसून 'बाबा' म्हणत होता. मी आतून बाहेर आले.

"सर, मे महिन्यात हा शब्द चालत नव्हता."

"ते प्रबंधाचं वेगळं, हे व्यवहाराचं वेगळं," ते म्हणाले. एवढ्या शांतपणे म्हणाले की मला वाटलं, यांना खरंच यात काही विचित्र दिसत नाही.

"बा येणार नाहीत."

"मनकर्णा, तू गप बस," बा म्हणाला. मग सरांना म्हणाला, "येतो. वल्लं फडकं तेवढं तिथं द्या."

जीप गेल्यावर मी बाला जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. ज्याच्या गावाने घर जाळलं त्याची दोन एकर राखायला चाललात, लाज कशी वाटत नाही, असंही बोलले. बा खाटेवर बसून ऐकत होता.

"शीव मला इचारून वळली का?" तो म्हणाला. "ती जिथं हाय तिथं हाय. आश्रुबाच्या बाजूनं असंल तर आश्रुबाची. न्हाई तर न्हाई."

"आणि तुमच्या बाजूने कोण आहे?"

"तू हायस की बोंबलायला."

मी स्थळपाहणीला गेले. तहसीलदार, कारकून, दोन्ही गावची पन्नासेक माणसं. बाने फडक्यात माती बांधली, डोक्यावर घेतली, चपला काढल्या आणि चालायला लागला. ज्या गावातून पळून आलो त्या गावची माणसं त्याच्या मागून मुकाट चालत होती. त्यातले काही चेहरे मी अठ्ठ्याहत्तर साली जळत्या घरांच्या उजेडात पाहिलेत. बाने मागे वळून पाहिलं नाही. ओढा आला. तो थांबला नाही, पाण्यातून पलीकडे गेला आणि पलीकडच्या काठाने वर चालत राहिला. म्हणजे जमीन सरांची. आश्रुबा तिथेच ओढ्यात उभा राहिला, विजार भिजेपर्यंत. त्याने तक्रार केली नाही. चालणाऱ्याने चालून दाखवलं होतं.

बाने माती खाली ठेवली. कारकुनाने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून जबाब लिहिला. मी लिंबाजी हनवते, विचारल्यावरून सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की वगैरे, दीड पान. बाने सही केली. सही त्याला येते, रात्रीच्या शाळेत शिकला होता.

जुलैत निकाल लागला. आबासाहेबांच्या बाजूने, लिंबाजी हनवते यांचा जबाब विश्वासार्ह धरून. ही ओळ मी पेपरात वाचली नाही, सरांच्याच तोंडून ऐकली. ते खुशीत होते. आणि मी त्यांच्यासमोर उभी असतानाच माझ्या डोक्यात आलं की आता बाचा कागद झालाय. नंबर आहे, तारीख आहे, कचेरी आहे.

मी गंगाखेडला जाऊन नक्कल काढली. ती घेऊन पंडितकडे गेले. पंडितने पुण्याचा प्रोग्राम उघडला. आडनाव हनवते. नाव लिंबाजी. शीर्षक नकलेवरचं जसंच्या तसं, शीव प्रकरणातील जबाब वगैरे. प्रकाशकाच्या रकान्यात तहसील कार्यालय. वर्ष त्र्याण्णव. एन्टर. काही वाजलं नाही. दोनशे तेरावी नोंद यादीत जाऊन बसली आणि आतले त्रेचाळीस कंस भरले.

"झालं की ताई," पंडित म्हणाला. "कशाला रागावायला लागल्या आता."

मी यादी घेऊन सरांकडे गेले. त्यांनी नोंद वाचली, दोनदा वाचली, आणि मनापासून हसले. "बघ, कागद आणला की कसं सोपं होतं." पाचही प्रतींच्या प्रमाणपत्रांवर त्यांनी सह्या केल्या. प्रमाणपत्राचं पान वेगळं असतं, प्रबंधाच्या सुरुवातीला. उमेदवाराने माझ्या मार्गदर्शनाखाली काम केले आहे, एवढाच मजकूर. मी ती पाच पानं पाकिटात घालून चुडाव्याला आले. सही मिळाली होती, बाचं नाव मिळालं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता आणि मी गाडीत खिडकीशी दात आवळून बसले होते.

बाला यादी दाखवली. इंग्रजी त्याला येत नाही, मी मराठीत करून सांगितलं. नाव ऐकून तो खूश झाला. मग म्हणाला, "म्होरं काय लिवलंय ते बी सांग."

सांगितलं. आबासाहेब यांच्या अर्जावरून, अमुक प्रकरणात, तमुक तारखेचा जबाब.

बा तंबाखू मळत राहिला.

"जबाब कोन दिला?"

"तुम्ही. कारकुनाने लिहिला तो."

"मी एक सबूद बोललो न्हाई. कारकुनानं त्याच्या मनानं लिवला, मी सही केली, कचेरीचं काम म्हनून. पन तू तर मागून चालत व्हतीस." त्याने तंबाखू तशीच हातात धरली. "आन आबासायबाच्या अर्जावरून. म्हंजे तुझ्या पुस्तकात बी मी त्याच्याच कामाला आलेला. मनकर्णा, तुझ्यासाटी दोन दिस चाललो ते काय खोटं व्हतं?"

"नाही बा."

"मग ते का न्हाई लिवलंस?"

"ते घेत नाही तो प्रोग्राम."

"मग दुसरा बघ. पोरगी एवढी शिकलेली माझी, आन एक डबा तिला सांगतोय काय लिवायचं."

खरा राग मला त्या दिवशी आला, आणि तो माझ्यावरच होता. आधीचे सगळे राग त्याच्यापुढे किरकोळ. मी बाच्या नावासाठी तीन महिने भांडले आणि नाव मिळवलं ते कसं, तर ज्याने त्याला गाळलं त्याच्याच दाव्याचा साक्षीदार करून.

एकतीस ऑगस्टला सोळा दिवस होते. मी शाळेत रजा टाकली आणि पंडितला म्हणाले, हैदराबादचा काढ.

"ताई, सही झालीय. यादी झालीय. आता उगी उकरायला लागलात. त्यात एक कंस चुकला तर पान निघत न्हाई."

"मला शिकव. मी टाकते."

त्याने शिकवलं. प्रत्येक नोंदीला एक टोपणनाव द्यायचं, महिरपी कंस उघडायचा, लेखक, शीर्षक, साल, प्रत्येकाच्या पुढे बरोबरचं चिन्ह, शेवटी स्वल्पविराम, कंस बंद. पहिल्या दिवशी मी अकरा नोंदी टाकल्या आणि त्यातल्या सात चुकल्या. चौथ्या दिवशी चाळीस. वीज गेली की सगळं गेलं, मग दर पाच नोंदींनी साठवायला शिकले. पंडित दुसऱ्या मशीनवर प्रबंध बसवत होता, शिव्या घालत होता, आणि मधून मधून माझ्या मागे येऊन सुटलेला कंस दाखवत होता. बाराव्या दिवशी दोनशे बारा झाल्या. दोनशे तेरावीला त्याने मला उठवलं नाही, शेजारी स्टूल घेऊन बसला.

मी 'इतर' ही जात निवडली. तिथे मी लिहिलं: हनवते, लिंबाजी. डोंगरपिंपळ्याची शीव, चालून दाखवलेली. साडेनऊ मैल, दोन दिवस, फेब्रुवारी १९९१. महजर १९७८मध्ये जाळला गेला.

प्रोग्राम चालवला. दोन पुस्तकांना साल नव्हतं म्हणून तो कुरकुरला. बाच्या नोंदीबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. प्रिंटर करकरत पान बाहेर आलं, वळणदार अक्षरात, पुस्तकात असावं तसं. तहसीलचा जबाब मी यादीतून काढून टाकला. सरांचा चौऱ्याऐंशीचा लेख होता तो राहू दिला, त्यांनी जिथे लिहिलंय तिथे लिहिलंय.

सह्यांची पाच पानं पुढे लावून मी बाइंडिंग करून घेतलं. गुपचूप नेऊन देता आलं असतं. पंडित तेच म्हणत होता. पण मला सरांना न सांगता काही करायचं नव्हतं. इतकी वर्षं सगळं गप्प राहून केलं होतं, त्याने काय झालं ते मी पाहिलं होतं. तीस तारखेला दुपारी पाचही प्रती पिशवीत घालून मी त्यांच्या घरी गेले आणि एक प्रत यादीचं पान उघडून समोर ठेवली.

सरांनी वाचलं. 'जाळला गेला' या शब्दांपाशी त्यांचं बोट थांबलं.

"ही यादी मी पाहिली नव्हती."

"नाही सर. तुमची सही प्रमाणपत्रावर आहे, यादीवर नाही. म्हणून दाखवायला आणली."

"हे पान काढ. नाहीतर मी सही मागे घेतो. आज विद्यापीठाला पत्र लिहितो." पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. आतून कुणीतरी डोकावून गेलं.

"लिहा सर. पण पत्रात कारण द्यावं लागेल. लिहा की लिंबाजी हनवत्याचं चालणं पुरावा म्हणून धरता येत नाही. तुमच्या सहीनिशी. त्याची एक प्रत मला द्या, मी ती आश्रुबाला नेऊन देते. त्याची अपिलाची मुदत अजून संपलेली नाही."

पॅड त्यांच्या समोरच होतं, पेन उघडं होतं. मी उभीच होते, त्या दिवशी खुर्ची त्यांनी दिली नव्हती आणि मला नको होती.

"शीव खरी आहे ना पण?" त्यांनी विचारलं. आवाज पार खाली आला होता. "ओढ्याच्या पलीकडे. लिंबाजीने बरोबर दाखवली ना?"

"बरोबर दाखवली सर. तुमची आहे ती जमीन."

"मग?"

"मग माझ्या यादीत काय चुकलंय ते सांगा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी प्रत उचलली, पिशवीत घातली आणि औरंगाबादची एसटी धरायला स्टँडकडे निघाले.